दिव्यांग प्रमाणपत्र: कोणते आजार बसतात, टक्के कसे मोजतात, लाभापर्यंत कसं पोहोचायचं

दर आठवड्याला डायलिसिस घेणारा माणूस सरकारी दवाखान्यात दिव्यांग प्रमाणपत्राच्या रांगेत उभा राहतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. त्याच रांगेत साखरेच्या आजाराने घोट्यातून पाय गेलेल्या माणसाला ५५ टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळतं. आजार दोघांचेही गंभीर आहेत. पण कायदा आजार किती मोठा ते पाहत नाही. आजाराने शरीराचं किंवा मनाचं कोणतं काम कायमचं थांबवलं, तेवढंच तो मोजतो. ही एक गोष्ट आधी कळली तर मराठवाड्यातल्या कितीतरी लोकांचे हेलपाटे वाचतील. म्हणून सुरुवात अर्जापासून न करता मोजमापापासून करू.

यादीत काय आहे, काय नाही

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात २१ प्रकार आहेत. नजरेचे दोन: अंधत्व आणि क्षीणदृष्टी. कानाचा एक. वाचा आणि भाषेचा दोष. हातापायाचे आणि स्नायूंचे: अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास करणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी, बुटकेपणा, बरा झालेला कुष्ठरोग, आम्लहल्ल्याने आलेलं व्यंग. मेंदू आणि मनाचे: बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार. मज्जासंस्थेचे: मल्टिपल स्क्लेरोसिस, कंपवात (पार्किन्सन) आणि मज्जासंस्थेचे इतर जुनाट आजार. रक्ताचे तीन: थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल. शेवटचा प्रकार बहुविकलांगता, त्यात एकाच वेळी अंध आणि बहिरं असणंही आलं.

मूत्रपिंड निकामी होणं, हृदयविकार, कर्करोग, एचआयव्ही, मधुमेह, रक्तदाब यांची नावं या यादीत नाहीत. मात्र या आजारांनी मागे ठेवलेलं व्यंग यादीत बसतं. लकव्याने एक बाजू गेली तर ते अस्थिव्यंग. मधुमेहाने पडदा खराब होऊन नजर गेली तर क्षीणदृष्टी किंवा अंधत्व. कर्करोगासाठी हात किंवा पाय काढावा लागला तर पुन्हा अस्थिव्यंग. नांदेड जिल्ह्यात फ्लोराइडच्या पाण्याने सांधे आणि मणका आखडलेली माणसं भेटतात. त्यांनी 'फ्लोराइडचा आजार' एवढंच न सांगता सांधे किती वळतात, चालताना काय अडतं, ते एक्स-रेसकट तपासून घ्यावं.

यादीत न बसणाऱ्या गंभीर रुग्णाला दुसरी वाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांखेरीज कर्करोग, क्षयरोग, एड्स, पक्षाघात, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांमुळे स्वतःचं पोट भरू न शकणारे लोकही येतात. त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही, सरकारी दवाखान्याचा आजाराचा दाखला लागतो. डायलिसिस, हिमोफिलिया, सिकलसेल आणि एचआयव्हीच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासही आहे.

टक्के कसे पडतात

बहुतेक लाभांची पायरी ४० टक्के आहे. ३५ टक्क्यांचं प्रमाणपत्रही मिळतं, पण त्यावर पेन्शन किंवा आरक्षण मिळत नाही. म्हणून मोजणीचा हिशेब घरी बसून समजून घेणं महत्त्वाचं.

डोळ्यांचं मोजमाप चांगल्या डोळ्यावर, तेही चष्मा लावून होतं. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह ३/६० पेक्षा कमी असेल (३/६० म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं) तर अंधत्व. ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल तर क्षीणदृष्टी. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर फक्त ३० टक्के पडतात. काट्याने, पाचटाने किंवा उडालेल्या खड्याने एक डोळा गमावलेले ऊसतोड कामगार इथेच अडकतात. मोतीबिंदू असेल तर डॉक्टर आधी शस्त्रक्रिया करायला सांगतील. शस्त्रक्रियेने बरं होणारं अपंगत्व कायमचं धरत नाहीत.

कानाला दोन्ही कानांची श्रवणहानी पाहतात. बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कान ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त गेले तर बहिरेपण, ६० ते ७० गेले तर अंशतः बहिरेपण. टक्के काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देतात: चांगल्या कानाचे टक्के गुणिले ५, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि ६ ने भागायचं. एक कान पूर्ण बंद, दुसरा चांगला, असं असेल तर उत्तर येतं १७ टक्क्यांच्या आसपास. तपासणीला जायच्या आधी कानातला मळ काढून घ्या आणि कान वाहत असेल तर उपचार पूर्ण करा, नाहीतर नुसती नवी तारीख हातात येते. श्रवणचाचणीचा आलेख एकदा एक आणि दुसऱ्यांदा वेगळा आला तर बेरा चाचणीला (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्राने पाहणारी चाचणी) पाठवतात. लहान मुलांना ती बहुधा लागतेच.

हातापायात कापलेल्या भागाची पातळी पाहतात. पायाची सगळी बोटं गेली तर २० टक्के, पावलाचा पुढचा भाग गेला तर ३०, घोट्यातून गेला तर ५५, गुडघ्यातून ७५. मनगटातून हात गेला तर ६०. कडबाकुट्टीत अंगठा मुळापासून गेला तरी एवढ्यावर ३० टक्केच. मात्र उरलेली बोटं आखडली असतील, पकड गेली असेल किंवा बधिरपणा असेल तर त्याचेही टक्के मिळतात. तपासताना डॉक्टरांना ते दाखवा. पट्टी बांधलेला हात तसाच पुढे करून 'अंगठा गेलाय' म्हटलं तर अंगठाच मोजला जाईल.

लकवा, मेंदूला मार किंवा मणक्याची दुखापत असेल तर आजार सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांनीच मोजमाप होतं. त्याआधी सुधारणा होण्याची शक्यता असते. घरचे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच रुग्णाला जीपमध्ये घालून नेतात आणि त्याचे हाल होतात. थांबायच्या काळात फिजिओथेरपी चालू ठेवा आणि तिची कागदपत्रं जपा.

बुटकेपणात ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची ही फक्त सुरुवात आहे. त्याखाली गेलेल्या प्रत्येक इंचाला ४ टक्के पडतात आणि शरीराच्या ठेवणीतला बिघाड वेगळा धरतात.

मानसिक आजाराचं मोजमाप गावात सर्वांत कमी समजलेलं आहे. इथे आयडियाज नावाचं मापन वापरतात. स्वतःची निगा, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना प्रत्येकी गुण देतात. त्यात आजार किती जुना आहे याचे गुण मिळवतात: दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर १, दोन ते पाच वर्षांना २, सहा ते दहाला ३ आणि दहापेक्षा जास्त असेल तर ४. एकूण ७ गुण झाले की ४० टक्के. म्हणून पहिल्या भेटीची चिठ्ठी, ती कितीही मळलेली असो, फेकू नका. दहा वर्षांचा आजार कागदावर दोनच वर्षांचा दिसला तर एक गुण जातो आणि सातवर पोहोचणारा माणूस सहावर अडकतो. रुग्णासोबत रोज राहणारी व्यक्ती न्या. तो अंघोळ स्वतः करतो का, शेवटचा कामावर कधी गेला, घराबाहेर पडतो का, हे ती सांगू शकते. आणि जास्त टक्के मिळावेत म्हणून गोळ्या बंद करून कुणालाही तपासणीला नेऊ नका. त्याने आजार उलटतो, आणि डॉक्टर तर जुने कागदच पाहतात.

बौद्धिक अक्षमतेत सौम्य पातळीलाही ५० टक्के धरतात, सीमारेषेवर मात्र २५. मूल लहान असताना तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं आणि ५, १० आणि १८ वर्षांना फेरतपासणी होते. अध्ययन अक्षमतेची तपासणी मूल ८ वर्षांचं झाल्यावर होते. पुढे १४ आणि १८ व्या वर्षी ती पुन्हा करतात. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही म्हणून शाळा त्याला नुसतं मागे बसवत असेल तर ही तपासणी मागून घ्या.

कुष्ठरोगात औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावर राहिलेलं व्यंग मोजतात. सिकलसेलसाठी नुसती सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पुरत नाही, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या पक्क्या चाचणीचा अहवाल लागतो. किनवट-माहूर भागात शिबिरात 'सिकल पॉझिटिव्ह' लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन लोक जिल्ह्याला जातात. त्यातले कित्येक फक्त वाहक असतात, म्हणजे आजाराचा अंश अंगात असतो पण आजार नसतो. वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही, आजार असलेल्यालाच मिळतं.

दोन व्यंगं असतील तर दोन्ही सांगा

टक्क्यांची साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा घ्यायचा. त्यात लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा), भागिले ९०, एवढं मिळवायचं. पायाचे ४० आणि डोळ्याचे ३० असतील तर ७० होत नाहीत, ५७ होतात. पण हाच हिशेब तारूनही नेतो. एका डोळ्याचे ३० आणि पायाची बोटं गेल्याचे २०, दोन्ही वेगवेगळे कुचकामी. एकत्र केले तर ४३ होतात आणि माणूस ४० च्या वर जातो. अर्जात एकच व्यंग लिहिलं तर दुसऱ्या विभागाचे डॉक्टर तपासणारच नाहीत. म्हणून जे आहे ते सगळं अर्जात टाका.

अर्ज आणि तपासणी

आता अर्ज केंद्राच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवरच होतो. मोबाइलवरून, सेतूतून किंवा महा ई-सेवा केंद्रातून भरता येतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा आणि उपचाराची कागदपत्रं स्कॅन करून ठेवा. नाव आधारवर आहे तसंच लिहा. आधारवर 'बाबुराव' आणि रेशनकार्डावर 'बाबू' असेल तर आधी आधार दुरुस्त करा, कारण पुढे तहसीलला आणि बँकेला हेच नाव जुळावं लागतं. मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा द्या. सेतूवाल्याचा नंबर टाकला तर तपासणीची तारीख आणि ओटीपी त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला कळतही नाही. अर्ज भरल्यावर नोंदणी क्रमांकाची पावती मिळते. तिचा छापील कागद आणि मोबाइलमधला फोटो, दोन्ही ठेवा.

दवाखाना निवडताना राहता जिल्हा किंवा जिथे उपचार झाले तो दवाखाना निवडता येतो. छत्रपती संभाजीनगरला घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख संस्था, बीड जिल्ह्यात जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वाराती अशी मोठी ठिकाणं आहेत. मानसिक आजार, स्वमग्नता आणि रक्ताच्या आजारांसाठी तज्ज्ञ असलेलंच ठिकाण निवडा. तालुक्याला जवळ पडतं म्हणून निवडलेला दवाखाना शेवटी जिल्ह्यालाच पाठवतो.

प्रत्येक व्यंगाचे तपासणीचे वार वेगळे असतात. निघायच्या आधी वार विचारून घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी वेळ हीच मोठी अडचण असते. तारीख येते तेव्हा टोळी कारखान्यावर असते आणि मुकादम सोडत नाही. अशांनी अर्ज हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात करावा, म्हणजे दसऱ्यानंतर निघण्याआधी फेरतपासणीलाही वेळ राहतो. बाहेरगावी उपचार झाले असतील तर डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि एक्स-रेच्या फिल्म सोबत आणा, नुसता अहवाल पुरत नाही. चष्मा, कुबडी, कृत्रिम पाय जे वापरता ते घेऊन जा.

प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवता येतं आणि कार्ड टपालाने येतं. कार्डावरच्या पट्ट्याचा रंग टक्के सांगतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या खाली पिवळा, ८० आणि वर निळा. प्रमाणपत्र आलं की तिथेच चार गोष्टी तपासा: नाव, व्यंगाचा प्रकार, टक्के आणि मुदत. 'तात्पुरतं' लिहिलं असेल तर मुदत संपायच्या तीन महिने आधी फेरतपासणीचा अर्ज टाका. मुदत संपली की पेन्शन थांबते, आणि थांबलेली पेन्शन चालू करणं नव्याने मिळवण्यापेक्षा जड जातं. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र असेल तर तेही पोर्टलवर चढवून नवं कार्ड घ्या. त्यासाठी दवाखाना पुन्हा तपासणीला बोलावू शकतो.

अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा, तो तुमचा हक्क आहे. टक्के कमी वाटत असतील तर त्याविरुद्ध अपील करता येतं. नव्या चाचण्यांचे अहवाल जोडलेत तरच त्याला अर्थ राहतो. एजंटाला पैसे देऊन टक्के वाढवून घेऊ नका. खोटेपणाने लाभ घेतल्यास याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. प्रमाणपत्रांची फेरतपासणी होते तेव्हा तो एजंट सापडत नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

संजय गांधी योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत करतात. वय १८ ते ६५, किमान ४० टक्के, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, या अटी आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना महिना २,५०० रुपये आहेत. ८० टक्के आणि वर असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग योजना लागू होते. त्यात केंद्राचे ३०० रुपये आणि बाकीचे राज्याचे. 'लाडकी बहीण' चालू असलेल्या दिव्यांग महिलांनी लक्षात ठेवावं की दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बंद होते. २,५०० जास्त आहेत, तेच घ्या.

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. 'खातं आहे' आणि 'खातं आधारशी जोडलेलं आहे' यात बरेच लोक गल्लत करतात. बँकेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडल्याची खात्री करा. दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मग माणूस जुन्या पासबुकवर नोंद करून घेतो आणि 'पैसे आलेच नाहीत' म्हणून तहसीलला जातो. वर्षाला हयातीचा दाखला चुकवू नका.

एसटीत ४० टक्क्यांवर भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि ६५ टक्क्यांवर सोबतच्या माणसाला ५० टक्के. रेल्वेला तिचं स्वतःचं सवलत कार्ड वेगळं काढावं लागतं. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्याचा हिशेब लेखी मागा, कारण न मागितल्यास तो पैसा वर्षानुवर्षं पडून राहतो. सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची एडिप योजना आहे: महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत.

मळणी यंत्रात किंवा विजेच्या धक्क्याने शेतकऱ्याचा हात गेला असेल तर प्रमाणपत्राची वाट न पाहता गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत टाका. एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख रुपये, दोन गेल्यास २ लाख. सातबारा नावावर नसलेला घरातला एक सदस्यही यात बसतो.

शिक्षण आणि नोकरीत एक फरक आहे, तो मुलांनी अर्ज भरताना पाहावा. उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण ४० टक्क्यांवरच्या सगळ्या प्रकारांना आहे. नोकरीतलं ४ टक्के आरक्षण मात्र ठरावीक प्रकारांनाच. नजर, कान, अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता आणि यातलीच बहुविकलांगता त्यात आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन यांची नावं त्यात नाहीत. लिहिण्यात अडचण असलेल्याला परीक्षेत लेखनिक मिळतो आणि दर तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळ मिळतो. ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्यालाही लिहिता येत नसेल तर सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर लेखनिक मागता येतो. अर्ज भरतानाच ती मागणी नोंदवा, परीक्षेच्या दिवशी कुणी ऐकत नाही.

स्वमग्न, बौद्धिक अक्षम, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक खात्याच्या सहीवर अडवते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. अठरावा वाढदिवस येण्याच्या दोन-तीन महिने आधीच आईवडिलांची ओळखपत्रं आणि मुलाचं कार्ड तयार ठेवा. आईबरोबर भाऊ किंवा मामाचं नावही पर्यायी पालक म्हणून सुचवा. याच चार प्रकारांच्या मुलांना निरामय आरोग्य विमा मिळतो. त्यात वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो आणि थेरपीचाही खर्च बसतो. दर वर्षी त्याचं नूतनीकरण मात्र आठवणीने करावं लागतं.